बांधातलं पाव्हणं

पावसाचं मला फारसं कौतुक नाही. जन्म भोरात गेला, त्यामुळं पाऊस पोटभर पाहून झाला आहे. पण आषाढ निम्मा सरला की पश्चिमेकडून एक वारा सुटतो, आणि त्या वाऱ्यापुढं मात्र माझं काही चालत नाही. तो सुटला की मी उठून खोलीची पश्चिमेची खिडकी उघडतो. पाणी आत येतं, चटई भिजते, भिंतीवर बुरशी चढते. पुतण्याची बायको स्वभावानं गरीब आहे, माझं सगळं वेळच्या वेळी करते, पण या खिडकीवरून आमचं दरवर्षी वाजतं. म्हातारपणी हे काय नवीन खूळ, असं ती म्हणते. खूळ खरं, पण नवीन नाही. ती जन्मायच्या आधीचं आहे.

काल दुपारी पुन्हा तो वारा सुटला आणि मी खिडकीशी जाऊन बसलो. भोरात त्याला ओल्या भिंतींचा आणि शेजारच्या फोडणीचा वास येतो. वेल्ह्याच्या पलीकडं, केळदच्या अंगाला, त्याला खारट वास यायचा. खरंच यायचा की मला तसं वाटायचं, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती. मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला तरुण मास्तर. आदल्या वर्षी माझी बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. भोरात जो तो माझ्याकडं हळहळून बघायचा, आणि आई नव्या मुली बघायची. दोन्ही मला सोसेनात. शेवटी अर्ज करून मी सगळ्यात लांबची, केळदच्या अंगाच्या एका वाडीतली शाळा मागून घेतली. लोक लांबची बदली टाळण्यासाठी खटपटी करतात, मी ती मिळवण्यासाठी केली. शिक्षणखात्यातल्या साहेबांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं होतं, एवढं आठवतं.

नसरापुरापर्यंत सर्व्हिस मोटार, तिथून मार्गासनीच्या पुढं जमेल तेवढी बैलगाडी, आणि वेल्ह्यापासून पायी. उजवीकडं तोरणा, त्याच्या डोक्यावर कायम ढग. त्या वाटेनं चालताना मला फार बरं वाटलं होतं. प्रत्येक वळणावर ओळखीचं एकेक माणूस मागं राहत होतं. ज्याला एकटं राहायचं आहे त्यानं मावळात पावसाळा काढावा, असं माझं मत तेव्हाच झालं. ओढे भरले की वाडीतून कुणी बाहेर जात नाही आणि बाहेरचं कुणी आत येत नाही. त्यात रॉकेल मिळायचं नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत सगळी माणसं जेवून गप्प झालेली असायची.

शाळा देवळाच्या ओवरीत होती, आणि मी भागूबाईच्या घराच्या पडवीत राहायचो. भागूबाई विशीतली होती. नवरा पलटणीत भरती झालेला, बोटीत बसवून नेलेला. कुठं नेला ते सरकारनं सांगितलं नाही, आणि होळीच्या आधीपासून त्याची खुशाली आली नव्हती. घरात ती आणि तिची सासू. सासूला मी मावशी म्हणायचो. कुडाच्या अल्याड मी, पल्याड त्या दोघी. तिघांनाही बोलायला माणूस हवं होतं आणि तिघंही गप्प असायचो.

त्या गप्प राहण्याचा एक नियम होता, तो मला हळूहळू कळला. जित्या माणसासाठी रडायचं नाही. रडलं तर त्याला तिकडं बाधतं. मावशीचा हा एकुलता एक मुलगा होता. तिनं सुनेला हे बजावलं होतं आणि स्वतःही पाळत होती. म्हणून त्या घरात धूर डोळ्यांत गेला तरी दोघी पदरानं झटकन डोळे पुसायच्या, कुणी बघितलं तर नाही ना अशा नजरेनं.

भाताच्या लावणीत सगळ्यात जिवावर येणारं काम म्हणजे फुटका बांध. खाचरात पाणी तुंबवायचं, त्यात रोपं लावायची, आणि बांधाला घुशीनं बीळ पाडलेलं असलं की पाणी गुपचूप खालच्या खाचरात निघून जातं. वर नुसता चिखल राहतो. मग त्या बिळात हात घालून खोली बघायची, आणि दगड-चिखल ठासून ते बुजवायचं. हे काम घरातल्या पुरुषाचं. या घरात पुरुष नव्हता, म्हणून भागूबाई करायची.

त्या दिवशी, म्हणजे वाऱ्यानं वाडीतल्या निम्म्या घरांची शाकारणी उडवली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी तिला शोधत खाचरावर गेलो. पडवीचा एक कोपरा उघडा पडला होता, तो सांगायला. ती बांधावर पालथी पडून खांद्यापर्यंत हात बिळात घालून होती, आणि दुसऱ्या हातात चिखलाचा गोळा तयार होता. अंगावरचं पानांचं इरलं वाऱ्यानं उलटं झालेलं. मला बघून ती म्हणाली, "मास्तर, आत कुनीतरी हाय."

साप असेल, हात काढा, असं मी घाबरून म्हणालो.

"साप ऊन नसतो," ती म्हणाली.

मग ती दचकली, कारण आतल्यानं तिचं बोट फोडलं होतं. तरी तिनं हात काढला नाही. हळूहळू, गाईच्या पोटातलं वासरू ओढावं तसं, तिनं ते बाहेर काढलं. कावळ्यापेक्षा थोडं लहान, पण पंख अंगाच्या मानानं फार लांब. रंग धुरकट तपकिरी. चोच काळी, टोकाला आकड्यासारखी वळलेली, आणि तिच्यावर नाकाच्या जागी बारकी नळी. पायांना बदकासारखे पडदे. मी मास्तर होतो, शाळेत पक्ष्यांचं चित्र होतं, पण असलं काही त्या चित्रात नव्हतं. वाडीत तर कुणीच असलं पाखरू पाहिलं नव्हतं.

त्या नळीतून पाण्याचा एक थेंब येऊन चोचीच्या टोकाशी थांबला होता. भागूबाईनं तो बोटावर घेतला आणि, मी नको म्हणेपर्यंत, जिभेला लावला. मग तिचा चेहरा बदलला. "खारट हाय," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, "दर्यावरनं आलंय ह्ये."

चिखलाचा गोळा तिनं खाली टाकला. बीळ तसंच राहिलं, खाचरातलं पाणी वाहून गेलं, आणि त्याबद्दल मावशी तिला पुढं बरंच बोलली.

हे पाखरू कोण, ते मला फार वर्षांनी कळलं. पुण्यातल्या एका पक्षीवेड्या गृहस्थांनी चित्रांचं जाड पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि मी पानं उलटता उलटता थांबलो. तीच चोच, तीच नळी. मराठीत त्याला नाव नाही. नाव कोण ठेवणार, ते आपल्याकडं येतच नाही. सारा जन्म पाण्यावर काढतं. प्रशांत महासागरात, आपल्या हिंदी महासागरातही, माणसाच्या वाट्याला न गेलेली बेटं आहेत. तिथल्या मऊ मातीत ही पाखरं पायांनी उकरून हातभर खोल बीळ करतात आणि त्यात अंडं घालतात. आषाढातल्या वादळात एखादं वाट चुकतं आणि वारा त्याला घाटावर आणून टाकतो. दमलेलं, घाबरलेलं ते पाखरू मग काय करणार? बीळ शोधणार. आमच्या बांधात त्याला घुशीचं सापडलं.

गृहस्थ सांगत होते की त्या बेटांवर या पाखरांचा सगळ्यात मोठा वैरी कोण, तर जहाजांतून उतरलेला उंदीर. बिळात शिरतो, अंडं खातो, पिल्लू खातो. उंदराच्याच जातीच्या घुशीच्या बिळात स्वतःहून शिरलेलं ते पाखरू आठवून मला हसू आलं, आणि लगेच कसंतरी झालं.

घरी आणल्यावर त्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलं. ते उभं राहीना. उठायला गेलं की नडग्यांवरच बसायचं आणि छातीवर सरपटत कोपरा गाठायचं. तेव्हा रावजी आबांना बोलावलं. आबा वाडीतले हाडं बसवणारे. बैल असो, शेळी असो की झाडावरून पडलेलं माणूस, त्यांचा इलाज एकच: आंबेहळदीचा लेप, बांबूच्या कामट्या आणि चिंध्या. त्यांनी पाखराचे पाय बोटांनी चाचपले, डोळे मिटले, आणि दोन्ही पाय मोडल्याचं सांगितलं. तेवढ्यात पाखरानं त्यांच्या धोतरावर तेलकट काहीतरी ओकलं. त्याचा वास असा होता की आबांची म्हातारी ते धोतर घरात घेईना. तरी आबांनी काम अर्धवट टाकलं नाही. त्या काडीएवढ्या पायांना त्यांनी कामट्या बांधल्या, शेळीच्या पायांना बांधावं तशा, नीट आणि घट्ट. आम्ही सगळे वाकून बघत होतो. चुकतंय असं कुणाच्याच मनात आलं नाही. जे चालत नाही त्याचे पाय मोडलेले असणार, हे आम्हांला चांगलंच माहीत होतं.

मग खायला काय घालायचं याचा खल सुरू झाला. मावशीनं तांदळाच्या कण्या टाकल्या. मी पोपटाला घालतात तशी भिजवलेली हरभऱ्याची डाळ ठेवली. पाखरानं दोन्हीकडं पाठ केली. दुसऱ्या दिवशी भागूबाईनं खाचरात चढलेले बारके मासे टोपलीनं धरून आणले, पाखराची चोच उघडली आणि एक मासा आत सरकवला. तो गेला. दुसराही गेला. भागूबाईनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

पण ती दिवसभर लावणीला, मावशीला दिसायचं कमी. दुपारचा घास कोण घालणार? मुलंही सगळी शेतात, शाळा नावालाच. म्हणजे मी. भोरच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेला मी, वाटीतला वळवळता मासा दोन बोटांत धरायला शिकलो. पहिल्यांदा धरला तेव्हा डोळे मिटून घेतले होते. मावशीनं त्यावरून माझी इतकी फिरकी घेतली की सोय नाही. मास्तरांच्या हाताला वशाट लागलं, आता मास्तरांना भोरात कोण पंक्तीला घेतंय, असं ती येईल त्याला सांगायची. वाडीतली माणसंही जाता येता पडवीत डोकवायची आणि पाव्हणं जेवलं का, असं मला विचारायची. तेच त्याचं नाव पडलं. पाव्हणं.

मला ते विचारणं आवडायचं. बायको गेल्यापासून कुणाच्या जेवणाची काळजी मी केली नव्हती.

एकदा भागूबाई घास घालत होती आणि मी वाटी धरून बसलो होतो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी हितं याला घालतीया. तिकडं त्यांना बी कुनीतरी घालत आसंल."

 तिच्या बोलण्यात नुसती आशा नव्हती, व्यवहार होता. इथं एक तोंड जगलं तर तिथं एक जगेल, असा सरळ सौदा तिनं मनाशी ठरवला होता. त्या दिवसापासून मला त्या पाखराची भीती वाटू लागली. ते मेलं तर काय, हा विचार मी करायचा नाही असं ठरवलं, आणि सारखा तोच करत राहिलो.

दिवस मावळायला आला की पाव्हणं रडायचं. दुसरा शब्द नाही. डालग्याच्या अंधारातून एक लांब, चढत जाणारा, मग श्वास आत ओढल्यासारखा आवाज. हुबेहूब तान्ह्या मुलाचा. पहिल्या दिवशी तो ऐकला तेव्हा मी पडवीतून उठून पावसात जाऊन उभा राहिलो. माझं मूल रडलं नव्हतं. जन्मलं तेव्हाच गप्प होतं. सुईणीनं त्याला उलटं धरून थोपटलं, आणि बाहेर मी तो आवाज येण्याची वाट बघत होतो. आता तो आला, तर असा, एका पाखराच्या गळ्यातून, डालग्याखालून.

बिळातल्या अंधारात ती पाखरं असंच रडून एकमेकांना ओळखतात, हे मला त्या गृहस्थांनी सांगितलं. नर-मादी आळीपाळीनं अंड्यावर बसतात. एक बिळात, एक दूर समुद्रावर. दिवसचे दिवस जातात. परतणारं पाखरू अंधार पडल्यावर उतरतं, आणि हजारो बिळांतून आपल्या जोडीदाराचा आवाज नेमका ओळखून त्याच बिळात शिरतं. अंडं वर्षाला एकच. ते गेलं तर त्या वर्षी दुसरं नाही.

मावशीला तो आवाज सहन व्हायचा नाही. अवलक्षण आहे, घरात हे रडणं बरं नव्हे, याला आपल्या शिवेबाहेर सोडून या, असं तिनं एका संध्याकाळी आबांना सांगायला घेतलं. चुलीपुढून भागूबाई उठली. सासूपुढं ती कधी वर मान करून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"रडू द्या त्याला," ती म्हणाली. "या घरात कुनीतरी रडाया पायजेल."

 मावशीनं भिंतीकडं तोंड केलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी पाव्हणं रडायचं आणि कुडाच्या दोन्ही बाजूंना आम्ही तिघं ते ऐकत बसायचो. मला वाटतं, त्या आठवड्यांत आम्ही तिघं जेवढे एकमेकांच्या जवळ होतो तेवढा मी पुढं कुणाच्याच जवळ गेलो नाही. बोललो मात्र नाही.

हळूहळू पाव्हणं मासे नाकारू लागलं. घशात ढकललेला मासा चोचीतून बाहेर यायचा. पिसं चिकटली, डोळे झापडू लागले. आबा येऊन कामट्या तपासून जायचे आणि हाड धरायला वेळ लागतोच म्हणायचे. एके दिवशी सकाळी भागूबाईनं त्याला उचललं. अंगाला वास येतोय, धुऊन आणते, असं म्हणून ती खालच्या खाचरावर गेली. मीही मागोमाग गेलो. तिनं त्याला पाण्यावर धरलं. चिंध्या भिजून सैल झाल्या, कामट्या निसटून पाण्यावर तरंगू लागल्या. ती त्या गोळा करायला वाकली आणि तिचे हात सुटले.

पाव्हणं बुडालं नाही. ते खाचरातून चाललं. चाललं म्हणजे पोहत गेलं, मागं पाय मारत, मान वर, रोपांच्या मधल्या पाण्यातून असं सरळ की पाणी दोन्हीकडं कापलं गेलं. बांधाशी पोचलं, वळलं, परत आलं. मग वाऱ्याची एक झुळूक आली तसं त्यानं पंख उघडले. ते लांबच लांब पंख पूर्ण उघडलेले आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. पाण्यावर ते जरा धावलं, पण खाचर संपलं आणि बांधाला आपटून पुन्हा बसलं.

"मोडलंच न्हवतं वो काई," भागूबाई म्हणाली.

आबांना कळलं तेव्हा ते बराच वेळ हातातल्या कामटीकडं बघत बसले. मग म्हणाले की जन्मभर जमिनीवरचीच हाडं बसवली, पाण्यावरच्याला चालायचं कशाला ते आपल्याला कसं कळावं. ते हसले, पण हातातली कामटी त्यांनी मोडून टाकली.

त्याला उडायला उंचावरून सोडायला हवं आणि समोर वारा हवा, हे त्या खाचरात दिसलंच होतं. अशी जागा आमच्यापासून लांब नव्हती. मढे घाटाचा कडा. तिथं जमीन संपते आणि खाली कोकण. पावसाळ्यात खालून वारा असा वर येतो की ओढ्याची धार कड्यावरून पडतापडता माघारी फिरते आणि उभ्या माणसाच्या तोंडावर येते. मी हे भागूबाईला सांगितलं.  ठेवलं तर मरेल, हेही सांगितलं.

"आन सोडलं तर?" ती म्हणाली. "सोडल्यावर मला कसं कळायचं, ते हाय का न्हाई?"

 ती डालग्यापाशी बसून राहिली. मावशीनं भाकरी दिली ती तिनं तशीच ठेवली. त्या संध्याकाळी पाव्हणं रडलं नाही, आणि त्या शांततेनं आम्हां तिघांचा जीव अगदी नकोसा करून टाकला.

सकाळी ती इरलं घेऊन पडवीच्या दारात उभी राहिली. काखेत टोपली, टोपलीवर फडकं. मावशी मागं उंबऱ्यात उभी होती. तिनं पुढं येऊन टोपलीवर एकदा हात ठेवला. मी घोंगडी घेतली आणि आम्ही निघालो.

वाटेत धुकं इतकं, की पुढं चालणाऱ्या भागूबाईचं इरलंच तेवढं दिसायचं. केळद मागं पडलं, झाडी संपली, वारा अंगावर आला. कड्याच्या अलीकडं आम्ही बसत बसत, जमिनीला धरून पुढं गेलो. खाली काही नव्हतं. पांढरं, हलणारं, गर्जणारं धुकं. ओढ्याचं पाणी खरोखरच उलटं वर येत होतं. भागूबाईनं फडकं काढलं. वारा लागताच पाव्हण्यानं मान वर केली. कित्येक दिवस झापडलेले डोळे उघडे होते.

कनवटीला खोचलेल्या पानाच्या पुडीतून तिनं एक मासा काढला आणि त्याच्या चोचीशी धरला. त्यानं तो घेतला. तिनं त्याला दोन्ही हातांत धरून तोंडाशी नेलं आणि त्याच्याशी काहीतरी बोलली. शेजारी असूनही वाऱ्यात मला शब्द कळले नाहीत, शेवटचे तेवढे कळले. "कुनी दिसलं तर सांग," असं ती म्हणाली.

आणि तिनं हात उघडले.

ते दगडासारखं खाली गेलं. धुक्यात गेलं आणि दिसेनासं झालं.  मी तिच्याकडं बघायचं टाळलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग कड्याच्या डावीकडून, आमच्या डोक्याच्याही वर, ते धुक्यातून वर आलं. पंख ताठ, जरासुद्धा न हलवता. वाऱ्यावर ते एकदा तिरकं झालं, आमच्यावरून गेलं, आणि मग सरळ पश्चिमेला. ते गेलं तिकडं मी पुष्कळ वेळ बघत होतो.

भागूबाईनं पाहिलं की नाही मला माहीत नाही. मी वळलो तेव्हा तिनं तोंड गुडघ्यात घातलं होतं आणि ती रडत होती. मोठ्यानं, गळा काढून, इतक्या महिन्यांचं. वारा तो आवाज तोंडातून निघताच उचलून मागं डोंगरात नेत होता. मी तिच्याजवळ बसलो. मीही रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही. बायकोसाठी आणि त्या न रडलेल्या पोरासाठी मी तोवर रडलोच नव्हतो. वाडी जवळ आली तेव्हा तिनं ओढ्यावर तोंड धुतलं आणि मला म्हणाली की आत्याबाईंना, म्हणजे मावशीला, सांगू नका. मी सांगितलं नाही. मावशीनं विचारलंही नाही. तिनं फक्त रिकामी टोपली घेतली आणि त्या दिवशी चुलीपुढं स्वतः बसली.

दसऱ्यानंतर आई आजारी पडली आणि मला भोरला परत यावं लागलं. युद्ध संपलं. माणसं परत आली, काही हातपाय गमावून आली, काहींच्या जागी सरकारी कागद आले. भागूबाईच्या नवऱ्याचं यातलं काहीच झालं नाही. तो बेपत्ता राहिला. हे मला वेल्ह्याच्या बाजारात भेटलेल्या आबांकडून कळलं.

त्या पाखराविषयी वाचताना मला कुठंतरी बरं वाटतं. माणसं आता त्या बेटांवर जाऊन उंदीर-मांजरं हटवतात. पिल्लं पहिल्यांदा समुद्राकडं निघतात तेव्हा दिव्यांना भुलून गावात पडतात, म्हणून काही किनाऱ्यांवर त्या दिवसांत दिवे मालवतात, पडलेली पिल्लं उचलून पाण्याशी नेऊन सोडतात. काही ठिकाणी तर माणसं त्यांच्यासाठी हातानं बिळं खणून देतात. आमच्या मावळात आम्ही बुजवत होतो. पिल्लाला वाट दाखवायला आईबाप नसतात, ते आधीच निघून गेलेले असतात. ते एकटंच बिळाच्या तोंडाशी येतं, वारा बघतं आणि जातं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

एष्टी केळदच्या बाजूला जाऊ लागली तेव्हा मी एकदा गेलो. मीही म्हातारा, भागूबाईही म्हातारी. मावशी कधीच गेलेली. घर तेच, पडवी तीच. भागूबाईच्या कपाळावर कुंकू होतं, ठसठशीत. खुंटीवर एक जुनी घोंगडी होती. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून चुलीच्या धुरावर धरून धरून ती काळी झाली होती. कुणाची, ते मी विचारलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. बेटं, बिळं, एकच अंडं, अंधारात ओळखायचा आवाज. ती पोरीसारखी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आन दुसरं परत आलंच न्हाई, मंग बिळातलं काय करतं?"

हे मी वाचलेलं होतं. म्हणून खरं तेच सांगितलं. उपाशी राहवेल तोवर बसतं, मग पोटासाठी समुद्रावर जातं. पण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बिळाशी येतं आणि हाक मारतं.

 ती म्हणाली, "आपलं पाव्हणं पोचलं आसंल का वो, मास्तर?"

"माहीत नाही, भागूबाई," मी म्हणालो. "पण ही पाखरं फार जगतात. माणसाच्या निम्म्या आयुष्याएवढी सुद्धा."

"मंग वाट बघायला काय हरकत न्हाई," ती म्हणाली. लाकूड चुलीत पुढं सारलं, तव्यावरची भाकरी उलटली, आणि मास्तर अजून वशाट खायला लागले नाहीत का, असं मला हसत विचारलं.